जुनी युरोपीय कूपे कशी पाहावी

सिसिटालिया २०२ ही दोन दारांची, दोघांनाच बसता येईल अशी इटालियन कूपे. ट्युरिन शहरात पिनिन फारिना यांच्या कारखान्यात १९४७ साली तिच्या बॉडीला आकार आला. सगळे प्रकार धरून या मॉडेलच्या गाड्या सुमारे १७० बनल्या. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ मध्ये मोटारींच्या आकाराचे प्रदर्शन भरवले, त्यात निवडलेल्या आठ गाड्यांपैकी ही एक होती. १९७२ मध्ये त्या संग्रहालयाने ती कायमच्या संग्रहात घेतली, आणि असा मान मिळालेली ती तिथली पहिली मोटार. सोलापूरच्या रस्त्यावर ती दिसण्याचा संभव नाही. तरी सोलापूरच्या माणसाला ती समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही, कारण तिच्या बोनटखालचे इंजिन त्याच्या चांगल्या ओळखीचे आहे. फियाट ११००चे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, म्हणजे ज्या घराण्यातून पुढे प्रीमियर पद्मिनीचे इंजिन आले तेच.

पद्मिनीचा आणि सोलापूरचा संबंधही जुना आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून सुरू झालेला त्यांचा व्याप जहाजे आणि विमानांपर्यंत वाढला. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जात. मग फियाटशी करार झाला, छोटी टोपोलिनो आली आणि तिच्यामागून ११००. वालचंद १९५३ मध्ये वारले, त्यामुळे ज्या गाडीने कंपनीचे नाव घरोघरी पोचवले ती रस्त्यावर रुळलेली त्यांनी पाहिली नाही. तिचे ओळखीचे चौकोनी रूप १९६४ पासूनचे, पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचे. २००० च्या आसपास उत्पादन थांबले, आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. नाव काहीही लागो, लोक तिला फियाटच म्हणत राहिले. जुनी कूपे पाहायला शिकायचे असेल तर अभ्यासाला हीच फियाट सर्वांत सोयीची.

पहिला धडा बोनट उघडून घ्यावा. पद्मिनीच्या सिलिंडरचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. सिसिटालियाचेही हेच दोन आकडे. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये बसवलेला, पुशरॉडने उघडणारे व्हॉल्व्ह, चार गिअर, ताकद मागच्या चाकांना, ही मांडणीही दोन्हींत एकच. हे इंजिन फियाटच्या १९३७ च्या ११००पासून चालत आले. त्या काळी फियाटमध्ये काम करणारे दांते जियाकोसा यांनीच युद्धानंतर सिसिटालियाच्या पहिल्या शर्यतीच्या गाडीची आखणी केली. सिसिटालिया कंपनी काढणारे पिएरो डुसिओ उद्योजक होते आणि स्वतः शर्यतीत गाडी चालवत. युद्धाने मोडकळीला आलेल्या इटलीत नवे इंजिन घडवण्यापेक्षा बाजारात सहज मिळणारे फियाटचे सुटे भाग घेऊन वेगवान गाडी बांधावी, हा त्यांचा हिशेब. पद्मिनीचे इंजिन ४० अश्वशक्तीच्या आसपास ताकद देते. सिसिटालियात तेच इंजिन दाबाचे प्रमाण वाढवून आणि कॅमशाफ्ट बदलून ५५ च्या घरात नेले होते. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण गाडीचे वजन सुमारे ७८० किलो आणि बॉडी वारा कापणारी, त्यामुळे ती ताशी १६० किलोमीटरच्या आसपास पोचत असे.

१९४७ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत ५४ वर्षांचे ताझिओ नुव्होलारी उघडी सिसिटालिया चालवत होते. तिच्या दुपटीहून मोठ्या इंजिनाच्या अल्फा रोमिओला मागे टाकून ते बराच वेळ पुढे राहिले. शेवटच्या टप्प्यात धो धो पाऊस लागला, इग्निशनमध्ये पाणी शिरले, आणि ते दुसरे आले. पावसाळ्यात फियाट बंद पडली की बोनट उघडून डेल्कोचे (डिस्ट्रिब्युटरचे) झाकण काढायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे आणि पुन्हा स्टार्टर मारायचा, हे ज्यांनी केले आहे त्यांना त्या शर्यतीचा शेवट वेगळा समजावून सांगायला नको. दुर्मीळ गाडीचा इतिहास वाचताना अशा जागा शोधत जावे. नामवंत गाडीसुद्धा तारा, झाकणे, नळ्या आणि गॅस्केटे यांचीच बनलेली असते, हे एकदा लक्षात आले की तिच्याविषयीचे भाबडे कौतुक गळून पडते आणि खरी आवड तिथून सुरू होते.

दुसऱ्या धड्याला मोजपट्टी लागते. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर २३४० मिलिमीटर, सिसिटालियाचे २४०० मिलिमीटर. फरक अवघा सहा सेंटिमीटरचा. एवढ्याच लांबीत फियाटने पाच माणसे आणि वर डिकी बसवली, पिनिन फारिना यांनी दोनच माणसे बसवली. उरलेली जागा कुठे गेली हे पाहिले की कूपे म्हणजे काय ते कळते. पद्मिनीत चालवणारा पुढच्या चाकांच्या जवळ, ताठ बसतो. सिसिटालियात तो जवळपास मागच्या चाकांपाशी सरकलेला असतो, पाय लांब करून, जमिनीलगत. त्यामुळे पुढचे चाक आणि दार यांच्यामध्ये मोठी मोकळी पट्टी तयार होते. जुन्या कूपेच्या डौलाचे बरेचसे गुपित या पट्टीत असते. गाडी बाजूने पाहताना प्रथम हेच अंतर डोळ्यांनी मोजावे: पुढच्या चाकाच्या मागच्या कडेपासून दाराच्या फटीपर्यंत. ते जितके जास्त, तितकी गाडी लांब बोनटाची आणि मागे टेकून बसलेली दिसते. आजच्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवे असते आणि ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे हे अंतर जवळजवळ नाहीसे झाले आहे. आजच्या गाडीला कितीही उतरते छप्पर दिले तरी तिला तो डौल का येत नाही, त्याचे कारण इथे सापडते.

बॉडीकडे वळताना सिसिटालियाच्या तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बोनट दोन्ही बाजूंच्या मडगार्डपेक्षा खाली आहे. त्या काळापर्यंत बोनट मधे उंच, मडगार्ड दोन्ही बाजूंना खाली आणि हेडलाइट वेगळे बसवलेले, अशी रीत होती. इथे हेडलाइट मडगार्डच्या तोंडात सामावले आणि बोनट त्यांच्या मधे खाली उतरले. दुसरी, मडगार्ड, दार आणि मागची बाजू वेगवेगळ्या तुकड्यांची वाटत नाहीत. पत्रा एका ओघाने पुढून मागे जातो आणि मागच्या चाकावर फुगून पुन्हा बसतो. तिसरी, छप्पर कुठेही न तुटता शेपटीपर्यंत उतरते. ही बॉडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, हाताने ठोकून घडवलेली, आणि खाली क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांचा सांगाडा. पुण्याच्या तांबट आळीत हंड्याला जसा ठोक्या-ठोक्याने गोलावा दिला जातो, तसेच हे काम. म्हणून दोन सिसिटालिया शेजारी ठेवल्या तर बारकाव्यांत तंतोतंत सारख्या नसतात, आणि तो दोष मानू नये.

कूपे कुठून पाहावी यालाही पद्धत आहे. बहुतेक जण गाडीजवळ जाऊन उभ्याने वरून पाहतात, आणि उभ्या माणसाच्या डोळ्याला छप्पर आणि बोनट यांखेरीज फारसे काही दिसत नाही. आधी आठ-दहा पावले मागे जावे. मग हेडलाइटच्या उंचीवर डोळे येतील इतके खाली बसावे. मागच्या कोपऱ्यातून, म्हणजे मागचा दिवा आणि मागचे चाक दोन्ही दिसतील अशा जागेवरून, छपराची उतरण आणि मागच्या चाकावरचा फुगवटा एकदम नजरेत येतात. कूपेसाठी हा सर्वांत न्याय देणारा कोन. सोलापूरच्या उन्हात दुपारी बारानंतर कुठलीही गाडी पाहू नये. ऊन डोक्यावर आले की पत्र्यावरची सावली नाहीशी होते आणि वळणे सपाट दिसू लागतात. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर ऊन आडवे येते, तेव्हा पत्र्यातला प्रत्येक चढ-उतार उमटतो. घरातली गाडी तपासायची असेल तर डेंटर लोकांची युक्ती वापरावी. पांढरी ट्यूबलाइट गाडीच्या बाजूने आडवी धरावी आणि पत्र्यातले तिचे प्रतिबिंब पाहावे. प्रतिबिंबाची रेघ सरळ किंवा एकसारखी वाकत गेली तर पत्रा नीट आहे. मधेच थरथरली तर तिथे ठोकपीट झाली आहे किंवा लांबी (पुट्टी) भरली आहे.

दोन दारे असली की गाडी कूपे होत नाही. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड सुरुवातीला दोन दारांचीच होती. ब्रिटनच्या ट्रायम्फ हेराल्डची ती भारतीय आवृत्ती, आणि १९६८ च्या मार्क थ्रीला चार दारे आली. पण तिचे छप्पर उंच, मागची सीट पुरती, आणि मागच्या काचेचा उतार सेडानचा. इटालियन मिकेलोत्ती यांनी याच हेराल्डची कूपेही काढली होती, तिचे छप्पर छोटे आणि मागची सीट नावापुरती. या दोन्हींची चित्रे शेजारी ठेवून पाहणे फार उपयोगी. दुसरी अशीच जोडी प्रीमियरच्याच घरात आहे. १९८५ च्या प्रीमियर ११८ एनईची बॉडी मुळात फियाट १२४ घराण्यातली, स्पेनच्या सीट कंपनीच्या साच्यांवरून आणलेली, आणि इंजिन जपानच्या निस्सानचे. त्याच फियाट १२४ ची १९६७ मध्ये स्पोर्ट कूपे निघाली. चाकांमधले अंतर दोन्हींचे २४२० मिलिमीटर, म्हणजे एकाच पायावर बांधलेली दोन घरे. ११८ एनई अजून कुठेतरी दिसते, १२४ स्पोर्ट कूपे दिसत नाही. तरी ११८ च्या शेजारी उभे राहून मनात तिचे छप्पर चार बोटे खाली आणावे, मागची दारे काढावीत, मागची काच आडवी पाडावी. हा खेळ पोरकट वाटेल, पण गाडीचा आकार समजण्यासाठी याहून सोपा मार्ग नाही.

सिसिटालियाखेरीज ज्या कूपे जाणकारांच्या तोंडी असतात, त्यांतल्या प्रत्येकीत पाहायची जागा वेगळी. १९५१ ची लान्सिया ऑरेलिया बी-२० जगातल्या पहिल्या उत्पादित व्ही-सहा इंजिनाच्या गाडीची कूपे आहे. ती डोळ्यात भरत नाही आणि तेच तिचे मोठेपण. १९५४ ते १९५७ या काळात मर्सिडीजच्या ३०० एसएलच्या १४०० कूपे बनल्या. त्यांची दारे वर, छपराकडे उघडतात. ही शोभा नाही. नळ्यांचा सांगाडा बाजूंना इतका उंच आहे की नेहमीचे दार बसायला जागाच उरत नाही. १९६१ च्या जग्वार ई-टाइपमध्ये बोनट आणि मडगार्ड एकच तुकडा असून तो पुढे झुकून उघडतो, म्हणून तिच्याकडे बोनट उघडे असतानाच पाहावे. मर्सिडीजच्या साठच्या दशकातल्या मोठ्या कूपेंना दारामागे खांब नसतो. चारही काचा खाली केल्या की छप्पर तरंगते. फोक्सवागनची कर्मान घिया बीटलच्या इंजिनावर बांधलेली, म्हणजे सिसिटालियाचीच युक्ती, जर्मन आणि बऱ्याच स्वस्त रूपात. १९७० ची सित्रोएन एसएम चमत्कारिक आहे आणि तिच्यात रमणारे थोडे. पण तिच्यातले माझेराटीचे इंजिन आणि तेलाच्या दाबावरचे सस्पेन्शन समजून घ्यायला एक आठवडा सहज जातो.

भारतात अशा कूपे फार कमी का, याचे उत्तर आयातीच्या धोरणात आहे. संस्थानिकांनी १९४७ च्या आधी मोठमोठ्या रोल्स रॉईस, बेंटली, मेबॅक आणल्या. १९५० नंतर परदेशी गाडीवरचे निर्बंध आणि कर इतके वाढले की छोट्या, खासगी हौसेच्या युरोपीय कूपेला येण्याची वाटच राहिली नाही. म्हणून भारतातल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तीसच्या दशकातली लिमोझिन तुलनेने सहज दिसते आणि साठच्या दशकातली दोन दारांची लान्सिया किंवा अल्फा क्वचित. भारतीय मेळाव्यात एखादी कूपे आलीच, तर दोन रोल्स रॉईस सोडून तिच्यापाशी जास्त वेळ द्यावा. रोल्स पुढच्या वर्षीही असेल.

गाडी खरीखुरी जुनी आहे की जुनी दिसावी अशी बनवली आहे, हे ओळखणे निव्वळ कौतुकासाठीही उपयोगी. सिसिटालियासारख्या गाडीत हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स साध्या फियाटचे असल्याने बनावट गाडी उभी करणे तुलनेने सोपे. खरेपणाचा पुरावा बॉडी आणि सांगाडा यांत शोधावा लागतो. पोलादी बॉडीवर लोहचुंबक फिरवून पाहता येते. जिथे चिकटत नाही तिथे लांबीचा जाड थर. मात्र ॲल्युमिनियमच्या बॉडीवर लोहचुंबक कुठेच चिकटत नाही, आणि हे न जाणणारा माणूस पूर्ण गाडीलाच लांबीची ठरवून मोकळा होतो. तिथे बोटाच्या पेराने हळूच टकटक करून आवाज ऐकावा, तोही मालकाच्या परवानगीने.

गंज कुठे पाहायचा हे गाडी कुठे राहिली यावर ठरते. मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या गाडीत दाराखालच्या पट्ट्या, पायाखालचा पत्रा आणि डिकीतली स्टेपनीची खोबण आधी जाते. वरून रंग चकाचक असतो आणि खालचा पत्रा बोटाने दाबला तर आत जातो. सोलापूरच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, पण ऊन बाकीच्यावर सूड उगवते. काचेभोवतीचे रबर तडकते, डॅशबोर्ड भेगाळतो, सीटचे रेक्झिन कडक होऊन फाटते. मुंबईहून आणलेल्या गाडीचा खालचा भाग आणि सोलापुरात राहिलेल्या गाडीची रबरे, असा तपासाचा क्रम ठेवावा. रंगाच्या चमकीला सर्वांत कमी गुण द्यावेत. मूळ रंग थोडा विटलेला, पण कुठे-कुठे घासून तळचा थर दिसणारा असेल, तर तो नव्या चकचकीत रंगापेक्षा मोलाचा. जाणकार लोक दाराच्या आतल्या कडा, बोनटच्या बिजागऱ्या आणि डिकीच्या रबराखालचा पत्रा पाहतात, कारण तिथे रंगारी सहसा पोचत नाही.

आकड्यांकडे दुर्लक्ष करू नये. जुन्या गाडीची किंमत आणि इतिहास दोन्ही चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांवर उभे असतात. चेसिस नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो. त्याच्या आजूबाजूला ग्राइंडरच्या खुणा किंवा वेल्डिंगची रेघ दिसली तर मागे सरावे. सोलापूरच्या आरटीओत ज्यांनी कधी गाडीची कामे केली आहेत त्यांना चेसिस प्रिंट ठाऊक असतो. नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची की आकडे कागदावर उमटतात. हीच युक्ती जुन्या गाडीसाठी उत्तम, कारण डोळ्याला न दिसणारा फेरफार पेन्सिलीला दिसतो. बदललेला आकडा छापात वेगळ्या खोलीचा उमटतो. आरसी बुकातला आकडा, प्लेटवरचा आणि छापातला हे तिन्ही जुळले पाहिजेत. इंजिन बदललेले असणे हा नेहमी गुन्हा नसतो. सत्तर वर्षांत इंजिने जातात. पण बदल सांगितलेला असावा, लपवलेला नसावा.

कायद्याच्या भाषेत जुनी म्हणजे किती जुनी, हेही माहीत असावे. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिव्हा किमान ३० वर्षे जुन्या, मूळ रूपात जपलेल्या आणि रोजच्या वापरात नसलेल्या गाडीला ऐतिहासिक मानते. १९४६ ते १९६० च्या गाड्यांचा तिच्याकडे वेगळा वर्ग आहे, आणि सिसिटालिया त्याच वर्गात बसते. भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांचा भाग जोडला गेला. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली आणि चेसिस, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, प्रमाणपत्र १० वर्षांचे, नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे येतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. बाहेरून आणलेल्या गाडीला कस्टमची कागदपत्रे लागतात. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींनी २०२४ मध्ये पन्नाशी ओलांडली. ११८ एनईला त्यासाठी २०३५ ची वाट पाहावी लागेल. पन्नाशीच्या आतल्या जुन्या खासगी गाडीला महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर लागतो.

इंधनाबद्दल एक इशारा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढलेले आहे, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या दृष्टीने ती आनंदाचीच गोष्ट. पण १९५० च्या आसपासच्या गाडीतल्या रबरी नळ्या, बुचाची गॅस्केटे आणि पेट्रोल पंपाचा पडदा अशा पेट्रोलसाठी बनलेला नव्हता. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीच्या तळाला गंज धरतो. रॅलीत उभ्या गाडीखाली पेट्रोलचा वास आला तर ती जुन्या गाडीची सवय समजून हसून सोडू नये. मालकाच्या कानावर घालावे. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घेणे आणि गाडी उभी ठेवण्यापूर्वी टाकी जवळजवळ पूर्ण भरणे किंवा पूर्ण रिकामी करणे, हे दोन उपाय सोपे आहेत.

सोलापूरहून प्रत्यक्ष पाहायला जायचे तर जवळच्या दिशा दोन. राष्ट्रीय महामार्ग ६५ शहरातून पश्चिमेला पुण्याकडे आणि पूर्वेला हैदराबादकडे जातो. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामांची १९१२ ची पिवळी रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्ट आहे. ती कूपे नाही, पण हाताने घडवलेली बॉडी म्हणजे काय ते तिथे जवळून कळते. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपतींची मेबॅक मिरवणुकीत निघते. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचे मेळावे होतात, आणि युरोपीय कूपे दिसण्याची महाराष्ट्रातली सर्वांत चांगली संधी तिथेच. दक्षिणेत कोइम्बतूरचे गेडी संग्रहालय आणि श्रीरंगपट्टणजवळचे पयाना ही दोन्ही एकाच सहलीत बसवता येतात. अहमदाबादजवळ कठवाड्याचा संग्रह मोठा आहे, पण तो मुख्यतः संस्थानी दिमाखाच्या गाड्यांचा. परदेशी जाणे झाले आणि एकच शहर निवडायचे असेल तर ट्युरिन निवडावे, कारण सिसिटालिया आणि फियाट जिथे घडल्या ते शहर आणि मोटार संग्रहालय दोन्ही एकाच ठिकाणी आहेत.

मेळाव्यात वागण्याचे नियम थोडे आहेत आणि ते पाळणारे त्याहून थोडे. पट्ट्याचे बक्कल, मनगटावरचे कडे, गळ्यातला कॅमेरा या तिन्हींनी रंगावर ओरखडे पडतात, म्हणून गाडीला टेकू नये आणि वाकताना वस्तू हाताने धरून ठेवाव्यात. लहान मुलाला फोटोसाठी बोनटवर बसवू नये. जुन्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला एवढ्या वजनानेही पोचा पडतो. दार उघडण्याआधी विचारावे, आणि मालकाने उघडले तर हँडल धरूनच बंद करू द्यावे, ढकलून नव्हे. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे किती एव्हरेज देते. त्याने मालकाचा चेहरा पडतो. त्याऐवजी विचारावे की इंजिन मूळचे आहे का, गाडी कोणत्या साली आणि कुठून आली, कुठला भाग मिळायला सर्वांत जास्त वेळ लागला. या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक मालक अर्धा तास बोलतात, आणि त्यात गाडीची खरी माहिती असते. मालकाने बोनट उघडले तर आधी सगळीकडे एक नजर फिरवावी, मग एका ठिकाणी थांबावे: कार्बोरेटर, त्याच्या दांड्या आणि तारा. जिथे जुन्या तारेच्या जागी नवी प्लास्टिकची घातलेली असते तिथे मूळपणाचा अंदाज पटकन लागतो.

फोटो काढताना मोबाइलची रुंद कोनाची लेन्स फसवते. गाडीच्या अगदी जवळून फोटो घेतला की पुढचे चाक आणि बोनट फुगतात आणि शेपूट आखडते, म्हणजे वर सांगितलेले सगळे प्रमाण मोडते. पंधरा-वीस पावले मागे जावे, झूम वाढवावा आणि कॅमेरा दाराच्या मध्याच्या उंचीला धरावा. बाजूने घेतलेला एक फोटो, मागच्या कोपऱ्यातून एक आणि समोरून एक, एवढे पुरेत. घरी आल्यावर बाजूच्या फोटोवर पट्टी ठेवून चाकाचा व्यास मोजावा आणि चाकांमधल्या अंतरात तो किती वेळा बसतो ते पाहावे. छप्पर, काच आणि खालची बॉडी यांच्या उंचीचे प्रमाणही याच चाकाच्या मापाने काढावे. १:४३ प्रमाणाची छोटी धातूची मॉडेले हाताशी असतील तर हीच मापे त्यांच्यावरही घ्यावीत. चांगल्या मॉडेलचे आकडे फोटोतल्या आकड्यांशी जुळतात, स्वस्त मॉडेलमध्ये छप्पर हमखास थोडे उंच निघते.